शालूबाईंची मिनिटं

सोमवार, ३ नोव्हेंबर
लोहगडवाडीच्या पेटीतली नोंद आज तळेगावला उतरवून आणली. इंटरनेट नसलं तरी चालणारी पेटी — आत दहावीचे धडे आणि प्रश्न, जवळ फोन नेला की ऐका, उत्तरं द्या! मीच बनवली, पण अजून कौतुक ओसरत नाही. शिकणारी मात्र एकच: शालूबाई, भजीवाल्या. त्याही दिवसाला सहा तास! आमचा प्रमुख केशव म्हणतो, ‘‘सतरा तारखेपर्यंत पाच जणी दाखव, नाहीतर पेटी उचलू.’’

गुरुवार, ६
नोंदीत शालूबाई सकाळी बीजगणितात हुशार, दुपारी ढ, संध्याकाळी परत हुशार. प्रोग्रॅममध्ये चूक शोधतेय. सापडत नाही. वैताग!

शनिवार, ८
शेवटी वाडीत जाऊन दिवसभर बसले. चूक माझीच — एक फोन म्हणजे एक माणूस, असं मीच धरलेलं! इथे धड फोन एकट्या शालूबाईंचा, आणि शेजारच्या टपऱ्यांतल्या बायका पाळीपाळीने ऐकतात. रतनबाई काकडी सोलता सोलता प्रमेय सांगत होत्या. ‘‘फोन शालूचा, मग नाव बी शालूचंच न्हवं का?’’ हसून हसून पोट दुखलं. रतनबाई, विठाबाई, सारिका, पिंकी — शालूबाई धरून पाच. पाच! पेटी राहणार.

बुधवार, १२
आता फोन आधी विचारतो, ‘कोण बसलंय?’ नाव निवडायचं, आपण सोडलं तिथून पुढे. एवढं साधं मला आधी सुचू नये? शहाणी मी!

शनिवार, १५
वाडीतच नोंद पाहिली. चौघींचं झकास. शालूबाई: शून्य मिनिटं.

परत पाहिलं. शून्यच. जी ऐकायला बसेल तिची टपरी शालूबाई सांभाळतात, आपली सांभाळून! म्हणाल्या, ‘‘मी बी बसले तर गिऱ्हाईक कोण बघंल?’’ इतके दिवस यांच्याच नावाची वाहवा केली मी. लाज वाटली. केशवला फोन लावला. ‘‘शून्यवाली धरता येणार नाही गं.’’ बरोबरच आहे त्याचं. पण चारवर पेटी जाणार, आणि यांनी एक धडाही ऐकलेला नसणार.

रविवार, १६
सकाळी सातलाच वाडीत. झारा मी घेतला, शालूबाईंना फोन देऊन मागे बसवलं. थोड्याच वेळात ट्रेकवाल्यांचा घोळका — बारा प्लेट भजी! घाबरून हाक मारली. वर न बघता म्हणाल्या, ‘‘तुमीच द्या, ताई. माजं चाललंय.’’