चौथं बटण

गुरुवार, दिवेलागण

आज माझ्या नातीनं, रेवानं, पहिलं मत दिलं. काय आनंद झाला मला! सकाळी म्हणत होती, "आजी, माझ्या एका मतानं वाघोलीतले पाण्याचे टँकर थांबणार आहेत का?" मीच हात धरून नेलं. म्हटलं, एकेका मताला मोल असतं, विचार करून दे.

आणि मी? महापालिकेचं मतदान, म्हणजे चार जागांची चार मतं. तीन दिली. चौथ्या जागेचं एकही नाव ओळखीचं नाही. यंत्राची शिट्टी काही वाजेना. साहेब म्हणाले, "आजी, एक राहिलं. मागं रांग आहे." घाईत चहा न घेताच निघाले होते, डोळ्यापुढं यंत्रावरचं कपबशीचं चिन्ह आलं. दाबलं. मेली शिट्टी लगेच वाजली!

कोण आहे तो कपबशीवाला? टँकरवालाच नसेल ना?

येताना रेवा म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून रांगेत सगळ्यांची माहिती वाचली मी मोबाईलवर. चौथं कुणाला दिलंस गं?"

"मत गुप्त असतं," म्हटलं. हसली पोरगी.

आता तिनंच चहा आणून ठेवलाय, कपबशीत. शाईच्या बोटानं उचलवत नाही.