अकरा फोटोंत बावीस वेळा मी

सावेडी, अहमदनगर
४ फेब्रुवारी १९९६

आदरणीय सहादूदादांना भीमराजचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा या थंडीत कसा आहे ते कळवा. माझी प्रकृती ठीक. (कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.)

यशोधरेचा पहिला स्मृतिदिन पंचवीस तारखेला आहे. भारती म्हणाली, भिंतीवर आईचा मोठा फोटो हवा. मी म्हणालो, हवे तेवढे आहेत, आणि कपाटातून माझा चावीचा कॅमेरा व त्याचे जुने लांबलचक फोटो काढले. कॅमेरा तुम्हाला आठवत असेल. चावी दिली की तो स्टँडवर डावीकडून उजवीकडे आठ सेकंद फिरतो आणि पन्नास माणसं एका पट्टीत घेतो. डाव्या टोकाला उभं राहून मी दोरी ओढायचो आणि भिंग माझ्यावरून पुढे सरकलं की सगळ्यांच्या पाठीमागून पळत जाऊन उजव्या टोकाला यशोधरेशेजारी पुन्हा उभा. एकच माणूस दोन्ही टोकांना. (काष्टीला तुमच्या तुषारच्या नामकरणात यासाठी मला जास्तीचा लाडू मिळाला होता.)

भारतीने फोटो मोजले. अकरा निघाले. त्यांत मी बावीस वेळा आहे आणि तिची आई एकदाही धड नाही. सगळीकडे अंबाडा आणि एक कान. (मतदार ओळखपत्रावर तिने डोळे मिटलेत, तो बाद.) मी सांगितलं, दोष स्प्रिंगचा. उजवं टोक येईपर्यंत ती ढिली पडते आणि चेहरे बिघडतात. भारती म्हणाली, "मग आईच्या शेजारी सहादूमामा कसे स्पष्ट आलेत? मिशीचे केस मोजता येतात." मग तसाच एक नवा फोटो काढून प्रयोग करायचं ठरलं.

फिल्म मिळवण्यात आठ दिवस गेले. दुकानदाराने कॅमेरा उलटासुलटा करून यात सेल कुठे घालतात असं विचारलं. शेवटी मैदानावर वीस नातलग जमवले. कॅमेऱ्याभोवती धनुष्यासारखं उभं राहावं लागतं, नाहीतर मधली माणसं मोठी आणि टोकाची बारीक येतात. चांगुणाआत्या म्हणाल्या, "आमी सरळच उभं ऱ्हानार. वाकडं उभं ऱ्हायला आमी काय चोर हाय का?" मग सगळेच सरळ उभे राहिले. कॅमेरा फिरू लागला तेव्हा तो आपल्याकडे न बघताच पुढे गेला असं वाटून आत्या त्याच्याबरोबर चालू लागल्या. फोटोत त्या चार माणसांएवढ्या रुंद आल्या आहेत. ("अंगाव मांस दिसतंय," म्हणाल्या, आणि एक प्रत मागितली.) मी एकसष्टाव्या वर्षी पळालो, दोनदा ठेचकाळलो, तरी वेळेत पोचलो. यशोधरेच्या जागी भारती उभी होती.

फोटो काल धुऊन आला. टोकाला मी बारीक पण स्पष्ट, भारतीपलीकडे तुमचा तुषारही स्पष्ट. भारतीचा फक्त कान आणि वेणी. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही पडाल म्हणून मागं बघत होते."

म्हणजे स्प्रिंगमध्ये दोष नव्हता. पंचवीस वर्षं मी तिच्यात उगाच तेल घालत होतो.

वहिनींना जयभीम सांगा. गुडघा शेकत राहा.

आपला,
भीमराज

ता. क. तिचा लग्नाआधीचा, समोर बघणारा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर पंचवीसच्या आत पाठवा. तेव्हा मागे वळून बघण्यासारखं कोणी नव्हतं, त्यामुळे स्पष्ट आला असेल.

ता. क. २ नसल्यास शोधाशोध करू नका. तूर्त तुषारच्या नामकरणातला मोठा करून लावला आहे. त्यात ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते आहे असं दिसतं. मी माझी खुर्ची तिकडे हलवली आहे. भारतीला जाता-येता अडचण होते, पण ती अंग चोरून जाते.