सफरचंदाच्या पेयास चौतीस गुण

हुफूफ (सौदी अरेबिया), शनिवार

प्रिय सदानंदराव यांस,

खजुरांच्या मुलखातून श्यामकांताचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कंबर इथल्या एसीनं धरली आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? वेंगुर्ल्यात आंब्याचा मोहोर यंदा झाडावर टिकला, की नेहमीसारखा फक्त बातमीत? तुम्ही कळवणार नाही, हे ठाऊक आहे. इतकी वर्षं एका शिक्षकखोलीत बसून तुम्ही माझ्या एकाही चिठ्ठीला उत्तर दिलं नाहीत. मी मराठीचा, तुम्ही चित्रकलेचे, म्हणून मी सोडून देत आलो.

बातमी अशी की मी पुढच्या महिन्यात परत येतो आहे. माझा व्हिजिट व्हिसा वाढवायचं ठरलं होतं, तो आता वाढणार नाही. मला याचा अतोनात आनंद आहे. लेकीच्या घरी, जावयाच्या सोफ्यावर, किती दिवस पाय आखडून बसायचं? समुद्राचा वारा, अंगणातली सोनचाफ्याची सावली, मी वाट पाहतोच आहे. पण हे घडलं कशामुळे, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची कीर्ती इथल्या इस्पितळात डॉक्टर, जावई रूपेश तिथेच कॉम्प्युटर सांभाळतो. त्यांच्या वसाहतीत ग्रॅहम नावाचा एक पिकलेला इंग्रज आहे, इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या गावी म्हणे दरवर्षी कुरणात तंबू ठोकून आसपासच्या बिअरची आणि सफरचंदाच्या दारूची पिंपं मांडतात. माणसं हातात पेला घेऊन या पिंपापासून त्या पिंपापर्यंत चाखत हिंडतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गाणी म्हणतात. हे सांगताना त्यानं हातातल्या चहाच्या कपाकडे असं पाहिलं, की आठवीच्या मुलांना घेऊन दारूबंदीच्या फेऱ्या काढणारा मी, माझेही डोळे पाणावले. आता या देशात ती वस्तू नाही. तेव्हा वसाहतीनं ठरवलं, उत्सव करायचा आणि ती वस्तू तेवढी वगळायची. सगळं शून्य टक्के. जवाचं, सफरचंदाचं, डाळिंबाचं. (बारशाला बाळ सोडून बाकी सगळे जमावेत, तसा प्रकार.)

परीक्षक कोण? ज्यानं खरी कधी चाखली नाही तोच निःपक्षपाती, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. “बाबांना यातलं काहीच कळत नाही, म्हणजे बाबाच बरे,” असं रूपेश म्हणाला. तो हे प्रेमानं म्हणाला, असं मी तेव्हा धरलं.

उद्घाटनासाठी मी एक कविता रचली होती, शाळेत आपण चालीवर म्हणून घेत असू तशी:

सोनेरी फेसाळ झरा हा वाहे पिंपामधुनी,
तहान माझी परंतु राही दूरच्या अंगणी.

एवढंच झालं. पुढची सहा कडवी बाकी असताना रूपेशनं माझ्या हातातून माइक घेतला आणि गेटसमोरची पांढरी गाडी हलवा अशी घोषणा केली. गाडी हलली. माइक परत आला नाही. सदानंदराव, आपल्या शाळेत इन्स्पेक्टर आले असतानासुद्धा कोणी मला दुसऱ्या ओळीवर थांबवलं नव्हतं.

मग चाखणं. मी प्रत्येक पिंपाला आसनक्रमांक दिला होता, नावं झाकली होती. गुण शंभरपैकी, पस्तीसला पास. पहिल्या क्रमांकाचं पाणी जवाचं होतं, पण जवांना त्याची कल्पना नसावी. तिसऱ्याला फेस होता, विषय नव्हता. पाचवं सफरचंदाचं. बाजारचा रस, त्यात सोडा, वर व्हिनेगर. मी दोनदा घोट घेतला, जिभेवर घोळवला, शिकवलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्मरलो आणि चौतीस दिले. शेरा लिहिला: मांडणी आकर्षक, आशय नाही. ग्रॅहमनंही पाचव्याचा एक घोट घेऊन उरलेलं हळूच बोगनवेलीच्या कुंडीत ओतलं, ते मी पाहिलं. सातवं चिपळूणच्या सादिया नर्सचं. “काय नाय हो सर, खजूर नि जवाचं पाणी, वायच आलं किसलंय,” असं ती नंतर म्हणाली. त्याला एकसष्ट, उत्तेजनार्थ. प्रथम क्रमांक कोणासही दिला नाही. पात्र कोणी नव्हतं.

निकाल मी शाळेच्या पद्धतीनं वाचला, म्हणजे नापासांपासून, शेऱ्यासकट, मोठ्यानं. (माइक नव्हता, पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.) नाव उघडलं आणि पाचवा आसनक्रमांक रूपेशचा निघाला. शेजारी त्याचे साहेब बसले होते. तेच सगळ्यांत आधी हसले. आर्या, माझी नात, तिसरीत आहे, ती उड्या मारत ओरडली, “आजोबा, यू फेल्ड डॅडी!”

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर कीर्ती म्हणाली, “बाबा, जावई आहे तो तुमचा!” मी म्हटलं, उत्तरपत्रिकेवर तसं लिहिलेलं नव्हतं. “मग एक मार्क जास्त दिला असतात तर काय बिघडलं असतं?” यावर मी परीक्षेच्या पावित्र्याबद्दल थोडं बोललो. थोडं म्हणजे भात निवेपर्यंत. रूपेश ताटावरून न उठता एवढंच म्हणाला, “बाबांना घरची आठवण येते आहे. कवितेत अंगण होतं ना? व्हिसा नको वाढवायला. खलास.” सदानंदराव, माझ्या कवितेचा अर्थ त्यानं पहिल्यांदा लावला, आणि तो असा.

असो. मी सुखात आहे. बॅग भरली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
श्यामकांत

ता.क. धोंडीराम गड्याला घर झाडायला पाठवू नका. अजिबात घाई नाही.

ता.क. दुसरा. आमच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे, म्हणून रूपेश येत्या शुक्रवारी तुम्हाला फोन करून घर राहण्याजोगं आहे का, असं विचारणार आहे. त्याला सांगा, नाही. कौलं उतरवून पुन्हा रचायला काढली आहेत, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत काम चालेल. तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. पण चित्रकला शिक्षक आहात, समोर नाही ते दाखवणं हाच तुमचा विषय.

ता.क. तिसरा. आर्या शाळेतून आली की माझ्याजवळ येऊन बसते. मी कविता म्हणतो. ती इंग्रजीत काहीतरी विचारते, मी मराठीत काहीतरी सांगतो. दोघांचंही फारसं जुळत नाही, पण ती उठून जात नाही. कीर्तीची आई, शालन, गेल्यापासून तिकडे आपल्या घरात मी दिवसभर गप्प राहिलो तरी ते कोणाला कळत नाही. तेव्हा फोनवर कौलं सगळी उतरवा. अर्धी नकोत. अर्ध्या घरात एका माणसाचं भागतं, असं रूपेश म्हणेल.