गियरची राखण

आचरा,
१२ मे

तीर्थरूप दादा,

धाकट्या सुदेशचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घालता आला. उरलेला अर्धा तुम्ही समोर आलात की घालीन.) इकडे सर्व ठीक. तुमच्या रक्ताचा आणि डोंबिवलीच्या पाण्याचा दाब कसा आहे ते कळवावं, वहिनींना नमस्कार सांगावा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. चार वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, तुमच्या भावजयीला, भक्तीला, तसा शब्द दिलाय. फक्त सायकलीबद्दल लिहितो.

पहिल्या बोनसात तुम्ही मुंबईहून दोन सारख्या गियरच्या सायकली आणल्या होत्या, तांबडी तुमची आणि निळी माझी. तुमची खाऱ्या वाऱ्याने खाल्ली. माझी अजून आहे, पण मागच्या चाकापाशी जे यंत्र लोंबतं (त्याला डिरेलर म्हणतात, आपल्या वाडीत त्याला नुसतं ‘लोंबता’ म्हणतात), त्यातलं साखळी वळवणारं दातेरी चाक शिमग्यानंतर तडकलं. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, प्लास्टिकचं. त्यावाचून सायकल एकाच गियरला अडकली, आणि तो नेमका सगळ्यांत जड. इकडे मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, चढ चालायचा नाही, स्कूटर नको, हलक्या गियरवर सायकल चालवा, नाहीतर पावसाळ्यात गुडघा धरून बसाल. म्हणजे हे चाक म्हणजे माझं औषधच समजा, फक्त कुठल्या दुकानात मिळत नाही एवढंच.

सुरुवात बाजारातल्या बाबलीपासून केली. त्याच्या दुकानावर अजून ‘सायकल’ लिहिलेलं आहे, पण आत कुकर आणि मिक्सर. त्याने तडकलेलं चाक उजेडात धरलं, वास घेतला, आणि म्हणाला, “ह्या काय आसा ता माका ठाऊक नाय, पण ता माझ्याकडे नाय, ह्या नक्की.” इतकं स्पष्ट उत्तर मला आजवर कुठल्या सरकारी कचेरीत मिळालेलं नाही.

मग तीन एसट्या बदलून, चाक रुमालात बांधून, बांद्याला गेलो. तिथला दुकानदार शिकलेला. म्हणाला, एवढं चाक सुटं येत नाही, अख्खा डिरेलर घ्या. पण नवा डिरेलर तुमच्या मागच्या चक्रांना चालायचा नाही, तीही घ्या. मग साखळी बदलावी लागेल, मग हँडलवरचा खटका, मग मागचं चाक, आणि नवं चाक जुन्या सांगाड्यात बसणार नाही. हिशेब संपला तेव्हा माझी जुनी म्हणून फक्त घंटी उरत होती, आणि ती वाजत नाही. त्याने मला प्यायला सोडा दिला आणि पाठीवर हात ठेवला. (घरात कोणी गेलं की ठेवतात तसा.)

तिथेच कळलं, वैभववाडीच्या शिवाकडे अगदी हीच सायकल आहे. गेलो. खरंच होती! काजूच्या बागेत, वहाळाच्या काठी, खांबांवर चढवून ठेवलेली. वहाळाच्या पाण्यावर एक लाकडी चाक फिरतं, ते पेडल फिरवतं, आणि मागच्या चाकाला बांधलेले दांडके तेलाच्या डब्यावर धडाधड आपटतात. वानर पळवायला. मी म्हटलं, अहो, मग तुम्हाला गियर कशाला, मला द्या. तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याची बायको मागितली. “एकाच तालाक वांदर सरावतत! सोमवारी दुसरो, गुरवारी चौथो, असो बदलूचो लागता. गियर काढून दिलंय तर माझे काजी तू राखतलंस?” मी तासभर बसून पाहिलं. तिसऱ्या गियरला एक म्हातारा वानर फांदीवर बसून ताल धरत होता. शिवाने ते पाहिलं आणि लगेच पाचवा टाकला. अशा माणसाकडून काय मागणार?

परत आलो तर बाबलीला माझी दया आलेली. त्याने नारळाच्या करवंटीचं चाक कोरलं, दहाच्या दहा दाते, खोबरेल लावून. उतारावर सायकल अशी धावली की बाबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. (उतारावर बिनसाखळीचीही धावते, हे आम्हा दोघांनाही तेव्हा सुचलं नाही.) देवळाच्या चढाला करवंटी फुटली आणि सुटलेल्या साखळीने माझी लुंगी धरली. अर्धं गाव धावून आलं, त्यातलं निम्मं लुंगी सोडवायला आणि निम्मं बघायला. माझी अब्रू त्या दिवशी एका इलॅस्टिकवर टिकली.

तर असं आहे. तिकडे मुंबईत एखाद्या जुन्या दुकानात असलं चाक दिसलं तर बघावं. घाई नाही.

तुमचा, एकाच गियरला अडकलेला,
सुदेश

ता. क. मुंबईत शोधू नका. असं चाक कुठे आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. (भक्तीला दिलेला शब्द पत्रापुरता होता, ता. क. त्यात येत नाही.) आबांनी आठळी रुजवून वाढवलेल्या फणसाला पहिल्यांदा फळ धरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात हा कापा, घट्ट गऱ्यांचा; मी म्हटलं बरका, लिबलिबीत गऱ्यांचा. फळ कापून बघायचं सोडून आपण सकाळपासून दुपारपर्यंत भांडलो, आणि तुम्ही तुमच्या तांबड्या सायकलीचा गियर, म्हणजे तो लोंबताच, काढून, लाल फडक्यात, वाडीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून त्या झाडाला टांगलात, की मी येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. कोणी लावला नाही. चार वर्षं फणस पडून फुटतात. (पडून फुटलेला प्रत्येक फणस बरकाच दिसतो. तो मी पुरावा म्हणून धरलेला नाही.) ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा या, आणि सोडा.

ता. क. दुसरा. झाडावर चढावं लागेल म्हणून टाळू नका. सुंभ कुजून गियर परवा आपोआप खाली पडला. सांगाडा गंजलाय, पण चाकं प्लास्टिकची, धडधाकट आहेत. मी त्याच्यावर टोपली पालथी घालून वर दगड ठेवलाय. भक्ती म्हणते, “वाकून उचलल्यात तर तुमचा काय जातला?” मी तिला गुडघा दाखवला.

ता. क. तिसरा. दादा, वाकता मला येतं. रोज सकाळी टोपली उचलून बघतो आणि परत झाकतो. तुझ्याशी भांडल्याशिवाय मे महिना गेल्यासारखा वाटत नाही. एक फणस झाडावरच पिकायला आलाय, पावसाच्या आत ये, तुझ्या हाताने काप. काहीही निघालं तरी मी कापाच म्हणेन.

वासावरून बरकाच आहे.