चांदीसाठी डबा

३ फेब्रुवारी, सोमवार
वडील, आमचे आबा, जाऊन महिना झाला. तेव्हापासून आमची म्हैस चांदी पान्हा चोरते. रेडकू सोडलं तरी नाही. आईला दोनदा लाथ बसली. भाजे गावचा राजेंद्रमामा म्हणतो, तेवीसला टेम्पो आणतो, म्हस माझ्याकडं द्या. आई उठून गोठ्यात जाऊन बसली. मला बघवलं नाही.
आबा धार काढताना रोज काहीतरी गात. मला अंथरुणात ऐकू यायचं, शब्द लागायचे नाहीत. अभंगच असणार. सप्त्यातले त्यांचे अभंग माझ्या मोबाइलमध्ये आहेत. म्हणजे प्रॉब्लेम टेक्निकल आहे. आणि आमच्या औंढे गावात टेक्निकल माणूस एकच.
निश्चय: गोठ्यासाठी स्वतःच्या हाताने मीडिया प्लेअर बनवणे. बायको, सविता, म्हणाली मोबाइलच लावा की. हिला व्हिजन नाही. मधेच कोणाचा फोन आला तर?

६ फेब्रुवारी
ऑनलाइन मागवलेला बोर्ड आला. पत्त्यांच्या कॅटएवढा अख्खा कॉम्प्युटर! लोणावळ्याच्या हॉटेलात अकरा वर्षं मेंटेनन्स बघतोय, गीझरपासून लिफ्टपर्यंत. हे दोन दिवसांचं काम. रविवारी उद्घाटन.

९ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन पुढे ढकललं. बोर्डाला स्पीकरची पिन लावायला भोकच नाही. हे आधी सांगायला नको? (सांगितलं होतं. वेबसाइटवर, खाली, बारीक अक्षरात.)

१३ फेब्रुवारी
स्पीकरसाठी वेगळा जोड आणला, स्क्रीन बसवला. सविता म्हणाली, म्हस काय बघणार हाय त्यात? चित्र उलटं येतंय. सध्या स्क्रीनच उलटा धरतो.

१४ फेब्रुवारी
स्क्रीनवर सारखी पिवळी विजेची खूण चमकते. करंट कमी पडतोय. सविताची पॉवर बँक घेतली. आता तिचा मोबाइल बंद, आणि माझ्याशी बोलणंही.

१७ फेब्रुवारी
बॉडीसाठी चिक्कीचा पत्र्याचा डबा. देखणा दिसतो. झाकण लावलं, बोर्ड पत्र्याला टेकला, धूर. पत्र्यातून करंट जातो हे घाईत कोणाच्याही लक्षात आलं नसतं. दुसरा बोर्ड मागवला.
आई रोज विचारते, झालं का रं? झालंच, म्हणतो.

२१ फेब्रुवारी
वाजला!! आतून पुठ्ठा लावला आणि वाजला. आबांचा आवाज, पूर्ण अभंग. आईने पदर डोळ्याला लावला. मी परसात जाऊन उभा राहिलो. धूळ फार आहे आपल्याकडे.

२२ फेब्रुवारी, सकाळी ६
डबा गोठ्यात. चालू व्हायला एक मिनिट घेतो. आबा गायला लागले. चांदीने कान टवकारले, डब्याकडे बघितलं आणि लाथ घातली. डबा शेणात. आबा अर्धी ओळ गायले, मग बंद.

तोच दिवस, सकाळी ७
आईला म्हटलं, हिला आबांचे अभंग का चालत नाहीत? आई म्हणाली, गोठ्यात कुटं अभंग म्हनायचे ते! मग काय म्हणायचे? फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, तुलाच बोलायचे. रोज.
मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुला वाईट वाटंल म्हून. आन तू तरी कवा धारंच्या वक्ताला गोठ्यात आलतास?
मग लाजत लाजत चांदीशेजारी बसली आणि आबांच्याच सुरात गायला लागली: घोरतंय बग अजून, ऊन अंगावर आलं, लय हुशार, एक काम धड न्हाई, कसं व्हायचं गं चांदे ह्याचं... चांदीने डोळे मिटले. चरवी भरली.
मामाला टेम्पो नको म्हणून कळवलं. एका अर्थाने शोध माझाच.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६
आईचा घसा बसलाय. धार मी काढली. आबांचे शब्द आता पाठ झालेत. त्यांच्याच सुरात स्वतःला बोललो. पहिल्याच वाक्याला पान्हा. चरवी भरली तरी मला थांबता येईना.