झोपेवरचा पहारा

प्रिय भिंगरी,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे, मीही आहे. फोन हाताशी असताना हा माणूस कागद का खराब करतोय, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर माझी गाडी दोन वाक्यांपुढे जात नाही आणि आज मला तुझ्याशी जरा झडतीच्या सुरात बोलायचंय. या घरात कित्येक दिवस माझी चुगली होत होती आणि ती थेट तुझ्या कानापर्यंत पोचत होती. कोण करत होतं ते मी शोधून काढलंय. ते सगळं सांगतो, मग तुला एक प्रश्न विचारतो.

सुरुवात त्या गोदामाच्या फाटकापासून करायला हवी. मॅनेजरसाहेबांची गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती आणि मी खुर्चीत घोरत पडलो होतो. माझा जोडीदार पैलवान धावत येऊन फाटक उघडेपर्यंत साहेबांचा पारा चढला होता. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि शेवटी माझीच चोरी पकडली गेली. पुन्हा असं दिसलं तर घरी बसा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे तुला मी नव्हतं सांगितलं, तुझ्या आईने सांगितलं. तू रजा काढून आलीस, मला डॉक्टरांकडे नेलंस, त्यांनी अंगभर वायरी चिकटवून माझी झोप तपासली आणि निदान केलं की झोपेत माझा श्वास मधूनमधून थांबतो, म्हणून दिवसभर झोपूनही रात्री डोळा लागतो. तू ते हवेचं मशीन आणलंस, नाकावर लावायचा मास्क आणलास, सगळं जोडून दिलंस आणि परत गेलीस. मास्क लागला तर नोकरी राहील, नाहीतर खुर्ची गेली, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि नाकावर ते रबर बांधून घेणं वेगळं.

मला त्या वस्तूचा पहिल्या दिवसापासून संशय होता. फुकट हवा विकत आणून माणसाच्या नाकात कोंबायची, यात काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटायचं. पट्टे डोक्यामागून आवळले की मागून कुणीतरी धरल्यासारखं व्हायचं. वाऱ्याचा झोत नाकात शिरला की श्वास बाहेर सोडायलाच जागा नाही असं वाटून छाती धडधडायची. सगळ्यात वाईट म्हणजे त्या घुंईघुंईत बाकी काही ऐकू यायचं नाही. मी आयुष्यभर एक कान उघडा ठेवून झोपलेला माणूस. जिन्यावर पाऊल वाजलं तर ते कुणाचं, हे मला झोपेत कळायचं. आता हे नळकांडं लावून मी बहिरा आणि बांधलेला, दोन्ही. पहाऱ्यावरच्या माणसाला असं कुणी बांधून टाकलं तर त्याला आपण दरोडा म्हणतो.

मशीनवाली बाई मधूनमधून येऊन बघून जायची. बाई शांत, पण सोडणारी नव्हे. तिने सांगितलं, काका, आधी मशीन लावूच नका, नुसता मास्क हातात घेऊन बसा, मग नाकाला टेकवा, मग पट्टे बांधून पेपर वाचा. झोपायच्या वेळीच बांधलात तर झोप आणि मास्क यांचं वैर होईल. मग मी संध्याकाळी मास्क लावून पेपर वाचायला लागलो. तुझ्या आईने पहिल्या दिवशी दारातूनच विचारलं, की विमान कधी सुटतंय. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नाकात भरलेली सगळी हवा तोंडावाटे फर्रकन बाहेर. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे नाकात वारा भरला तरी उघडत होतं. ती हसून हसून भिंतीला टेकली. शेवटी तोंड मिटून ठेवायला हनुवटीखालून एक पट्टा आला. मग बाईने मिशीकडे बोट दाखवलं. मिशीच्या केसांतून हवा गळते म्हणे. तुझ्या जन्माच्या आधीपासूनची मिशी, तिला कात्री लावताना माझ्या जिवावर आलं. अर्धीच कापली. पैलवान म्हणाला, आता चोरांना तुमची भीती नाही, कीव वाटेल.

तर या सगळ्या दिवसांत मला एक गोष्ट खटकायला लागली. मी पहाटे घरी येतो, आंघोळ करून झोपतो आणि दुपारी चहाला उठतो, हे तुला माहीत आहे. तुझी आई तोवर शाळेच्या ऑफिसात असते. ती गेली की मी कधीकधी मास्क उतरवून उशाशी ठेवायचो आणि ती यायच्या आधी पुन्हा चढवायचो. बरोबर त्याच दिवशी चहाच्या वेळेला तुझा फोन यायचा. तोही आईच्या नव्हे, माझ्या फोनवर. बाबा, झोप झाली का नीट? मास्क टोचतोय का? आणि ज्या दिवशी मी शहाण्यासारखा मास्क लावून झोपायचो, त्या दिवशी फोन गप्प. एकदा झालं, योगायोग म्हटलं. पुन्हा पुन्हा व्हायला लागल्यावर माझ्यातला पहारेकरी जागा झाला.

पहिला संशय तुझ्या आईवर. घरात दोनच माणसं, त्यातला एक मी. मधेच गुपचूप येऊन बघून जात असेल म्हणून मी दाराच्या फटीत काडी खोचून झोपलो. गोदामात आम्ही असंच करतो, दार उघडलं की काडी पडते. उठून बघतो तर काडी जागच्या जागी, आणि तुझा फोन मात्र वाजतोय. मग उलटा डाव टाकला. मास्क पूर्ण वेळ लावून झोपलो आणि तिला सांगितलं की आज अजिबात लावला नाही. ती माझ्यावर तासभर चिडली, पण तुझा फोन काही आला नाही. म्हणजे ती निर्दोष. मी तिला मनातल्या मनात सोडून दिलं. माफी मागितली नाही, कारण तिच्यावर आळ होता हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग समोरचा शिंपी. त्याची खिडकी आपल्या खिडकीच्या नाकासमोर आणि मान खाली घालून शिवताना त्याची नजर वर असते, हे मी पूर्वीही बघितलंय. खिडकीला जाड चादर लावली. फोन आलाच. वर शिंप्यानेच जिन्यात विचारलं, काका, बरं नाही का, हल्ली खिडकी बंद दिसते. ऊन लागतं म्हणून मी सटकलो. पैलवानालाही आडून आडून विचारून पाहिलं, तर तो उलट मलाच विचारायला लागला की तुमच्या मुलीचा नंबर माझ्याकडे कुठून येणार. कुणी ताकास तूर लागू देईना.

शेवटी मी एक गोष्ट केली, ती ऐकून तू हसशील किंवा रागावशील. आमच्या धंद्यात एक जुनी चाल आहे. पहारेकऱ्याला जरा उठून जायचं असलं की तो खुर्चीच्या पाठीवर कोट अडकवतो आणि वर टोपी ठेवतो. लांबून चोराला वाटतं, माणूस बसलाय. मी तेच केलं. पलंगावर लोड उभा करून त्याच्या तोंडाला मास्क बांधला, पट्टे नीट आवळले, मशीन चालू केलं आणि बाजूला आडवा होऊन मोकळ्या नाकाने ताणून दिली. उठलो तेव्हा लोड इमानेइतबारे हवा खात होता. मी खूश. जो कुणी बघत असेल त्याला आज बाबा मास्क लावून झोपलेले दिसले असणार. चहा ओततोय तोच तुझा फोन. बाबा, आज मास्कमधून फार हवा गळली का? आणि आवाज असा की जणू तू पळत येऊन बोलतेयस. मी कप तसाच ठेवला आणि आत जाऊन लोडाकडे बघितलं. लोडाच्या तोंडून हवा गळली, हे आईला, शिंप्याला, पैलवानाला, कुणालाही कळणं शक्य नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि त्या मशीनला.

मशीनवाली बाई आली तेव्हा मी तिला फाटकावर अडवतात तसं दारातच अडवलं. कुठून आलात, काय नेता, कुणाला देता? ती बिचारी गोंधळली. मग म्हणाली, काका, हे यंत्र रोजचा हिशोब आपोआप पाठवतं ना. तुमचा फोन साधा बटणांचा, म्हणून मुलीने स्वतःचा नंबर दिला. किती वेळ लावला, कधी काढला, हवा किती गळली, सगळं तिच्या मोबाइलवर दिसतं. चांगलं झोपलात तर हिरवा गोल येतो, नाहीतर लाल. तिला वाटलं होतं की मला माहीत आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस.

मी फार चिडलो, भिंगरी. बाई गेल्यावर मशीनचा प्लग उपटून टाकला, तुझ्या आईला म्हणालो, पोरीने बापाच्या नाकात पहारेकरी बसवला. ती शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, ती लहानपणी काय करायची ते विसरलात का. विसरलो नव्हतो. मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो आणि तू दारात पायरीवर फतकल मारून बसायचीस. भंगारवाला आला की ओठावर बोट. शेजारची पोरं खेळायला आली की ओठावर बोट. एकदा मांजरालाही तू गप्प केलं होतंस. त्या पायरीवर तू आहेस म्हणून मी तेव्हा दोन्ही कान मिटून झोपायचो. नंतर तू मोठी झालीस, शिकायला गेलीस, नोकरीला गेलीस, आणि माझा एक कान पुन्हा उघडा राहायला लागला. हे तोवर कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मी मशीन पुन्हा लावलं. उरलेली मिशीही काढली. बाईने दिलेला लहान मापाचा मऊ मास्क लावला, पट्टे दोन बोटं जातील इतके सैल ठेवले, आणि आडवा झालो. घुंईघुंई चालू झाली. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं आणि मला त्याची पर्वा नव्हती. तेव्हापासून मी रोज झोपतोय. खरी झोप, मेल्यासारखी नव्हे, जिवंत माणसाची. मॅनेजरसाहेबांनी परवा स्वतःहून विचारलं, औषध कुठलं घेता, मलाही सांगा. मी म्हटलं, हवा खातो. तुझ्या मोबाइलवर आता रोज हिरवा गोल येत असणार.

आणि तिथेच माझं घोडं पेंड खातंय. ज्या दिवसापासून हिरवे गोल सुरू झाले, त्या दिवसापासून तुझा माझ्या फोनवर एकही फोन नाही. आईच्या फोनवर करतेस. परवा मी आतल्या खोलीत जागाच होतो आणि तिने फोन मोठ्याने लावला होता. तू म्हणालीस, बाबांना उठवू नकोस, छान झोपलेत, दिसतंय मला. मी जागा होतो गं. आता सांगतो हे पत्र का लिहिलं. काल मी मास्क मुद्दाम काढून उशाशी ठेवला. म्हटलं, लाल गोल जाऊ दे, चहाच्या वेळी फोन वाजेल. थोडा वेळ तसाच पडलो. मग तुझा तो लोडाच्या दिवशीचा आवाज आठवला, धावल्यासारखा, घाबरलेला, आणि तुला असं घाबरवून फोन करायला लावायचं नाही, असं ठरवून मास्क परत चढवला. पण संशय काही जात नाही. इतके दिवस तू मला फोन करत होतीस की त्या लाल गोलाला? आजारी बाप हवा होता की बाप? हे विचारताना माझी मलाच लाज वाटते, तरी विचारतो, कारण न विचारता राहिलो तर मी पुन्हा मास्क काढेन आणि या वेळी परत चढवेन याची माझी मलाच खात्री नाही. तेव्हा एवढं कर. ज्या दिवशी त्या यंत्राकडे तुला सांगण्यासारखं काही वाईट नसेल, त्या दिवशी मला फोन कर. माझ्याकडे पुष्कळ आहे सांगण्यासारखं.

पूर्ण झोपून उठलेला,
तुझाच
बाबा