बाहेरलं वारं

दोंडाईचा, १८ डिसेंबर

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता लिहिते. सासूबाई म्हणतात, असलं मोठ्यानं बोललं की जे लागलंय त्याला ऐकू जातं. माझी लेक ज्योती बाळंत होऊन इथं आली आणि तिला काहीतरी झालंय. डोकं ठणकतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, कोपऱ्यात एक बाई उभी दिसते म्हणते. अंगणात नेली की सुटते, खोलीत आणली की पुन्हा धरते. काल तिच्याजवळ बसलेल्या सासूबाईंनाही ती बाई दिसली. त्यांचं एकच, बाहेरलं वारं शे, भूतबाधा आहे. खिडकीच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्या. खाटेखालच्या शेगडीत कोळसा पेटवून दिवसभर धुरी देतो, तरी वाढतंच आहे. शनिवारी भगत येणार, दार लावून बसणार. तू संस्कृतचा मास्तर, एखादा मंत्र कळव. शेजारचे नवलभाऊ जळगावला येतायत, त्यांच्या हाती हे देते. बहिणीला विसरू नको.

अक्का

जळगाव, १९ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस. त्या बाईला ऐकू जाईल म्हणून असेल. नवलभाऊंना चहासुद्धा न देता परत पाठवतोय. मंत्र एवढाच: खिडकी उघड, शेगडी बाहेर काढ. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की विषारी वायू होतो. त्याला ना रूप, ना गंध. निर्गुण निराकार म्हणतात ते हेच असावं. आधी भास होतात, मग झोप लागते, आणि ती मोडत नाही. म्हणून सासूबाईंनाही दिसली. अगं, बाहेरलं वारं लागलेलं नाही, तेच लागायला हवं होतं! भगताला हवा तेवढा शिधा दे, पण अंगणात बसव. ज्योतीला आणि बाळाला आजच दवाखान्यात ने. शास्त्र सांगतोय खरा, पण मारुतीला नारळही बोललोय. विद्यार्थ्यांना कळू देऊ नकोस. रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा ठेव.

तुझा लीलाधर

दोंडाईचा, २२ डिसेंबर

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली आणि शेगडी उचलली. सासूबाई खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या, पोरीचा जीव घेशील म्हणाल्या. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं, लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. ज्योती आता जेवते. ती बाई दिसत नाही. सासूबाईंच्या मते खिडकीतूनच गेली.

पण एक मनातून जात नाही. खिडकी उघडल्यावर थोड्या वेळानं ज्योतीच्या कुशीतलं बाळ गळा काढून रडायला लागलं. लीलाधर, कित्येक दिवस ते रडलंच नव्हतं, आणि किती गुणी म्हणून आम्ही त्याची दृष्ट काढत होतो. आता ते झोपलं की मला धडकी भरते. हळूच चिमटा काढून बघते. येऊन जा.

अक्का